नऊवर अठरा शून्यं

माझी बायको माणिकबाई, तिच्या हाताबद्दल मी आजवर जे जे सांगितलं त्यातलं अर्धं खोटं आहे, आणि ते अर्धं कोणतं हे आमच्या मोर्शीकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं एकदा सहज म्हणून माझ्या काठीला संत्र्याचा डोळा भरला, तिसऱ्या वर्षी काठीला फळं धरली आणि मग फळं झडू नयेत म्हणून मला बाजारात काठी खांद्यावर घेऊन, लंगडत जावं लागे, हे खोटं. पण बेचाळीस वर्षं तिनं आमच्या पन्हेरीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यांत, बसून जंबेरीच्या खुंटांवर डोळे भरले आणि शंभरातले पंचाण्णव जगले, हे खरं.

काम दिसायला सोपं आहे. जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी झाड, मुळं मात्र पैलवानाची. त्याचं रोप, म्हणजे खुंट, पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर सालीला बारीक छेद द्यायचा, साल उचलायची, आत गोड संत्र्याचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला अंकुर, सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. एकवीस दिवसांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर जगला, काळा दिसला तर गेला. सगळी करामत छेदात. चाकू सालीतून गेला पाहिजे आणि लाकडाला कळता कामा नये. माणिकबाईचा चाकू घासून घासून पात्यानं अर्धा राहिलाय. माझं काम पट्टी बांधायचं आणि बोलत राहायचं. चाकू तिनं माझ्या हाती कधी दिला नाही.

गेल्या दिवाळीपासून ती चहा अर्धा कप घेऊ लागली. काठोकाठ भरलेला कप घेणारी बाई. मी म्हटलं, काहून व? तर म्हणाली, "पित्त होते." पित्त नव्हतं. भरल्या कपातला चहा बशीत सांडत होता. मला ते कळलं होतं, मला कळलंय हे तिला कळलं होतं, आणि दोघंही पित्ताबद्दल बोलत होतो.

तिचा थोरला भाऊ खुशालराव अकोल्याला होता. त्याचंही कपापासूनच सुरू झालं होतं. शेवटची दोन वर्षं वहिनी त्याला घास भरवायची. त्याला भेटून आली की माणिकबाई घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. म्हणून डॉक्टर हा शब्द मी काढला की ती उठून वाफ्यात जायची.

मग आली संक्रांत. तीळगूळ द्यायला आणि नातीचं तोंड पाहायला आम्ही अमरावतीला गेलो. पोरगा मनोज राजापेठेत दुसऱ्या माळ्यावर राहतो. खाली तीन ट्यूशन क्लास, रस्त्यावर गाड्यांची अशी दाटी की आपला पाय आपल्याच पायावर पडावा. नात दामिनी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती दिवाणावर वही, मोबाईल आणि कपाळावर आठी घेऊन बसली होती. आम्ही नेलेली संत्र्यांची थैली मी तिच्याजवळ रिकामी केली.

"काय करून राहिली व पोरी?"

"त्वरण, आबाजी. वेग किती झपाट्यानं बदलते ते."

"गाडीनं ब्रेक मारला का आपण समोरच्याच्या पाठीवर जातो, ते?"

"तेच."

"मंग मले विचार न! एकदा मोर्शीच्या एसटीनं असा ब्रेक मारला का माझी टोपी निघाली, ते माझ्याआधी अमरावतीत. मी उतरलो तं टोपी स्टँडवर चहा पिऊन राहिली होती."

"समोरची काच नव्हती का गाडीले?"

"त्या गाडीले ब्रेक होता हेच लय झालं."

माणिकबाई खाटेवर बसून हसली. तिचं हसू ऐकून मला चेव आला, हे इथेच कबूल करतो.

दामिनीच्या सरांनी दिलेलं काम असं होतं: रोजच्या व्यवहारातलं त्वरण घ्यायचं आणि ते अणूच्या पोटातल्या मापात मांडायचं. आपण मोजतो मीटरमध्ये. दर सेकंदाला वेग इतक्या इतक्या मीटरनं वाढला, असं. पण अणूच्या गाभ्यात मीटर घेऊन जाणं म्हणजे कापसाच्या गंजीनं दातातलं काढण्यासारखं. तिथली पट्टी निराळी, तिचं नाव फेमटोमीटर. एका मिलिमीटरचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक.

"म्हणून मीटरच्या आकड्यावर पंधरा शून्यं चढवायची," दामिनी म्हणाली. "मी काल तीस चढवले. सेकंदाचा वर्ग असते न त्याच्यात, तं मी शून्यांचाबी वर्ग करून टाकला. सरांनी लाल गोळा काढला. बदलते ते फक्त मीटर, आबाजी. सेकंद जागचा हलत नाई."

"सेकंदाचं बरं हाय."

"सांगा बरं एखादा आकडा. करून दाखवू."

तिचा मोबाईल दिवाणावर पडला होता. त्यात त्वरण मोजून दाखवणारं एक ॲप सुरू होतं. आकडे पळत होते. आणि माझ्या डोक्यात आलं की हा मोबाईल माणिकबाईच्या तळहातावर ठेवावा. आकडा मोठा येईल, मी त्याला आणखी शून्यं लावीन, ती हसेल, आणि तीन महिने आम्ही दोघं ज्याच्याभोवती पित्त पित्त करत फिरत होतो ते हसण्यातून बाहेर पडेल. माझ्या सगळ्या खोड्यांमागे असा काहीतरी चांगला विचार असतो. खोडी विचाराच्या पुढे पळते, एवढंच.

"धर व जरासा," म्हणत मी मोबाईल तिच्या हातावर ठेवला आणि आकडा वाचला. "नऊ पूर्णांक आठ!"

"वा आबाजी!" दामिनी वहीतून मान न काढता म्हणाली. "तुमाले पाठ हाय?"

काय पाठ आहे ते मी विचारलं नाही. शाबासकी मिळाली की मी चौकशी करत नाही. शून्यं मोजायला दिवाणावरची संत्री ओढली. पाच पाच. पाच फळांचा एक हात, आणि दर हातामागे एक फळ खुणेचं म्हणून बाजूला ठेवायचं, म्हणजे शेवटी किती हात झाले ते चुकत नाही. मोजून झालं की खुणेची फळं पुन्हा त्याच ढिगात लोटायची. आमच्या घरी तीन पिढ्या अशीच फळं मोजतात. मी तीन हात ओढले, तीन खुणा ठेवल्या आणि सवयीनं सगळं एकत्र लोटलं.

दामिनीनं ढीग मोजला. "आबाजी, अठरा झाले!"

"मंग?"

"पंधरा पायजेत."

"तीन खुणेचे हायेत."

"खुणेचं शून्य नसते!" ती उशीत तोंड खुपसून हसायला लागली. "फेमटोमीटर सोडून तुमी अजून खाली उतरले. त्याच्याहून हजार पट बारीक माप असते, ॲटोमीटर, तथी जाऊन बसले."

"बसलो तं बसलो. वापस कायले येऊ?"

तेवढ्यात तिच्या आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली आणि ती उठून गेली. मी माणिकबाईकडे वळलो आणि पुकारा करावा तसा आवाज काढला. "पूर्णांक गेला खड्ड्यात! ऐक व माणिकबाई, तुझ्या हाताचं त्वरण, नऊवर अठरा शून्यं! अकोल्यापासून अमरावतीपर्यंत असा हात कोणाचा नाई!"

ती हसली नाही. मोबाईल तिनं खाटेवर उपडा ठेवला. हात पदराखाली घेतला. मग पदरावरून दुसऱ्या हातानं तो हात धरून ठेवला, आणि परत मोर्शीला येईपर्यंत, एसटीत सुद्धा, सोडला नाही.

जानेवारीचा शेवट आला. जंबेरीची साल सुटायला लागली. साल सुटते म्हणजे चाकूच्या टोकानं अलगद उचलली जाते. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस. मग ती पुन्हा लाकडाला चिकटते. वाफ्यात चार हजार खुंट उभे होते आणि चाकू पत्र्याच्या डब्यात.

मी तिला वाफ्यापर्यंत न्यायला काय काय केलं! सांगितलं की रात्री खुंट माझ्या नावानं ओरडत होते. सांगितलं की जंबेरीच्या एका रोपानं रुसून स्वतःच डोळा भरून घेतला. एरवी ती म्हणायची, "सरका तिकडं, येड्या-बह्याडावानी बोलता." आता ती तांदूळ निवडत राहिली. तांदळात खडा नव्हता.

शुक्रवारी तिनं धर्मपालला बोलावलं. धर्मपाल शेजारच्या गावचा, तिशीतला. कलम बांधायला तिच्याच हाताखाली शिकला.

"सोमवारपासून तू भर डोळे," ती म्हणाली. "अन् चाकूबी घेऊन जाजो."

"काकू, चाकू मी कसा घेऊ?"

"हातानं घे. तुहा हात हलत नाई."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी आकाशाकडे पाहिलं, तिथंही काही नव्हतं. तो चाकू डब्यातच ठेवून गेल्यावर ती मला म्हणाली, पहिल्यांदाच पित्त न काढता म्हणाली, "दादाचंबी असंच सुरू झालं होतं. तुमीच तं आकडा वाचला. अठरा शून्यं. दादाचा हात कोणी मोजला नाई म्हणून त्याले कळलं नाई, किती होतं ते. मले कळलं."

चौसष्ट वर्षांची बाई. तिनं चाकू दिला असता तर चाकूच गेला असता असं नाही. सकाळी उठून जायची जागा गेली असती. आणि ती मी घालवत होतो, तीन खुणेच्या संत्र्यांनी.

आयुष्यात मी कबुलीजबाब फार कमी दिलेत. त्या दिवशी विहिरीमागे जाऊन दामिनीला फोन केला आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वाढवता. सांगताना जीभ अडखळत होती, इतकी सवय नव्हती.

मग दामिनी म्हणाली, "आबाजी, नऊ पूर्णांक आठ तुमी आजीच्या हातावरचा वाचला?"

"व्हय."

"मायबाई. मले वाटलं, पाठ होता म्हणून सांगितला. तो आजीचा आकडाच नाई! मी रविवारी येतो. तोवर तोंड बंद ठेवा, तुमाले शपथ हाय."

रविवारी ती पहिल्या गाडीनं आली. आजीला हात धरून वाफ्याजवळच्या दगडी ओट्यावर नेलं. ॲप सुरू करून मोबाईल ओट्यावर ठेवला. कोणी हात लावला नाही.

"वाच आजी."

माणिकबाई वाकली. "नऊ... पूर्णांक आठ."

"ओटा थरथरून राहिला का?"

"दगड कायले थरथरीन?"

"मंग? हे पृथ्वीचं ओढणं हाय, आजी. गुरुत्वाकर्षण. मोबाईल कुठीबी निवांत ठेव, ओट्यावर ठेव, म्हशीवर ठेव, इतकाच आकडा येते. आबाजीनं पृथ्वीचा आकडा तुह्या नावावर टाकला. वरून तीन शून्यं जास्तीचे देले."

माणिकबाईनं माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत त्या नजरेची मला सवय व्हायला हवी होती.

"थांब," ती दामिनीला म्हणाली. "पृथ्वीचं काढून टाकता येते का?"

पाहा कशी बाई आहे. सुटका झाली म्हणून पळाली नाही. उरलं किती ते विचारलं. दामिनीनं ॲपमध्ये काहीतरी बदललं, ओट्यावर आकडा जवळजवळ शून्य झाला. मग मोबाईल आजीच्या तळहातावर ठेवला. शून्य पूर्णांक तीन, मग पाच, मग चार. चारच्या आसपास घुटमळत राहिला.

"म्हणजे हलते तं हलतेच," माणिकबाई म्हणाली. हळूच म्हणाली.

दामिनीचा चेहरा पडला. ती वही काढून बसली. "आजी, हे पाय. अणूमधे इलेक्ट्रॉन असते. त्याच्या फिरण्याचं साधं चित्र धरलं तं त्याचं त्वरण, मीटरमधेच, नऊवर बावीस शून्यं येते. त्याले आपण एक म्हणू. त्या मापानं तुह्या हाताचं काढलं तं दशांशचिन्ह, त्याच्यापुढं तेवीस शून्यं, अन् मंग कुठी चार. म्हणजे तथल्या हिशोबानं तुहा हात हलतच नाई!"

माणिकबाईनं नातीच्या गालावरून हात फिरवला. हलणारा हातच फिरवला. "लय शिकली माही पोरगी. पण मले तथी कलमं बांधाले जायचं हाय का? मले इथी जंबेरीवर बांधायचे हायेत."

दामिनीनं वही मिटली. अशा वेळी मी पुढे होतो. "माहाबी मोज व," म्हणत मी मोबाईल घेतला आणि हात पुढे केला. एक पूर्णांक एक! माणिकबाईपेक्षा दुपटीहून जास्त. "पाय! मी काही बोलतो का कधी? खाऊन-पिऊन सुखी हाय न?"

"कोपर काहून हालवून राहिले?" माणिकबाई म्हणाली.

"कुठी?"

"अंगरख्यात. मले दिसत नाई का? ठेवा तो मोबाईल. हात हालवायचंबी सोंग करता, लाज नाई वाटत?"

"तुह्यापेक्षा जास्त यावं म्हणून केलं," मी म्हणालो. हे इतकं खरं होतं की मलाच कसंतरी झालं. मी ओट्यावर तिच्या शेजारी बसलो. दामिनीनं मोबाईल पुन्हा आजीच्या हातावर ठेवला, का कोण जाणे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून असेल. मी आकड्याकडे पाहत होतो आणि माझा गुडघा आपोआप उडायला लागला. जीव घाबरला की तो उडतो.

"आधी हा गुडघा थांबवा!" असं म्हणून माणिकबाईनं मनगट माझ्या गुडघ्यावर आपटलं आणि दाबून धरलं. मोबाईल तळहातावरच होता. आकडा एकदा उसळला आणि खाली येत गेला.

दामिनी कुजबुजली, "आजी, हलू नको. आबाजी, तुमीबी नाई."

शून्य पूर्णांक एक.

माणिकबाईनं मनगट उचललं. चार. पुन्हा ठेवलं. एक. तिनं ते तीनदा केलं. कलमाची जोड पारखावी तसं, घाई न करता. मग मोबाईल नातीच्या हातात दिला.

"डबा आण व पोरी."

सोमवारी धर्मपाल आला तेव्हा आम्ही दोघं वाफ्यात बसलो होतो. मी मांडी मोडून, एक गुडघा उभा करून. ती माझ्याकडे पाठ वळवून, मनगट त्या गुडघ्यावर टेकवून, समोर खुंट. धर्मपालला हसू आवरेना.

"काकू, हे काय काढलं?"

"दोन वाफे तुह्ये, दोन माह्ये," ती म्हणाली. "चाकू तुहा तू आण. अन् काकाले बोलवू नको. ते बोलले का त्याइचा गुडघा हालते."

लोकहो, पंधरा दिवस मी बोललो नाही. आमच्या गावात यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि नेमकं हेच माझ्या सगळ्या गोष्टींमधलं खरं आहे. गोष्टी गळ्यापर्यंत यायच्या आणि मी त्या गिळायचो. माशी नाकावर बसायची, मी तिला डोळ्यांनी हाकलायचो. पायाला मुंग्या यायच्या. पण छेद पडताना तिच्या मनगटाची थरथर माझ्या हाडात उतरायची आणि तिथं जिरायची, ते मला कळायचं. पूर्वी ती दिवसाला तीनशे डोळे भरायची. आता शंभर झाले की थांबायची. उरलेले खुंट धर्मपालनं न सांगता आपल्या वाफ्यांबरोबर भरून टाकले. चौथ्या दिवशी, हात पुसता पुसता, ती स्वतःच म्हणाली, "हे संपलं का अमरावतीले जाऊ. डॉक्टरले दाखवू एकदा. मोजलं तं हायेच, नाव काय ते तरी कळू द्या." मी फक्त मान हलवली. मान हलवल्याबद्दलही बोलणी खाल्ली, कारण चाकू अजून तिच्या हातात होता.

एकविसाव्या दिवशी तिनं पहिल्या दिवसाच्या पहिल्या दहा पट्ट्या सोडल्या. मी उभा होतो, दूर. एक हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा काळा. ती प्रत्येक डोळ्याला बोट लावून पाहत पुढे सरकत गेली आणि शेवटच्यापाशी थांबली.

"सात," ती म्हणाली.

दहात सात. पूर्वी साडेनऊ यायचे. तिच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमत होईना. मी खोकलो.

"हाच तो!" ती वळली, आणि तिचे डोळे भरले होते पण ती हसत होती. "हाच खोकला. पहिल्या दिवशी तीन डाव खोकलले तुमी. माह्ये तीन डोळे तुमीच मारले."